सकाळचा निरोप, संध्याकाळी

कौसल्या गेल्याचा फोन सकाळी आला. बापूला मी संध्याकाळी सांगितलं. मधल्या वेळात त्याला पुरणपोळी करून घातली आणि त्याच्यासमोर बसून मीही खाल्ली. हे मी आधीच लिहून टाकते, म्हणजे ज्यांना हे वाचून माझा राग येणार आहे त्यांनी इथंच पान उलटावं. कौसल्या माझी धाकटी जाऊ. बापू तिचा नवरा, माझा धाकटा दीर. तोंडावर मी त्याला 'तुम्ही'च म्हणते, पण लिहिताना 'तो' म्हणणार आहे. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला एवढी मुभा असावी.

फोन तिच्या मुलाचा, संतोषचा. आदल्या रात्री जेवण झाल्यावर तिच्या छातीत कळ आली म्हणून तो आणि सूनबाई तिला लातूरला घेऊन गेले होते. बापूचे गुडघे गेलेत, म्हणून तो उदगीरला घरीच राहिला, आणि त्याला चहापाणी द्यायला मी राहिले. संतोष रडत होता. "मोठीआई, आई गेली गं... आप्पांना कसं सांगू? त्यांना फोन दे." मी म्हटलं, "त्यांना बीपी आहे, शुगर आहे. तू काही सांगू नको. मी सांगते. पुण्याहून तुझी बहीण आली की तिला घेऊन या, तोवर गल्लीत कुणाला फोन करू नका." पोराला वाटलं, मोठीआई त्याच्या आप्पांना, म्हणजे बापूला, किती जपतेय. फोन ठेवला आणि हरभऱ्याची डाळ धुतली. घरात मयत झालं की चूल पेटवत नाहीत. मी गॅस पेटवला आणि डाळ शिजत घातली.

आता का, ते सांगते.

कौसल्या, आमची कौशी, देगलूरकडची. माहेरी निम्मं तेलुगू बोलायचे, म्हणून नवी नवरी होती तेव्हा आमची सासू तिची नक्कल करून शेजारणींना हसवायची. कौशी गरीब होती असं कुणी समजू नये. जी वरून बोलेल तिच्यापुढं मान खाली, आणि जी खाली असेल तिच्यावर जीभ अशी चालायची की भांडेवाल्या बायका आमच्याकडं टिकायच्या नाहीत. पण पुरणाची पोळी तिच्यासारखी कुणाला येत नव्हती. बापूची मोंढ्यात धान्याची अडत होती. बाहेरगावचे व्यापारी सौदा करायला आले की जेवायला घरी यायचे, आणि ते तुरीसाठी येतात की कौशीच्या पोळ्यांसाठी हे कळायचं नाही. बापूची एक सागवानी खुर्ची आहे, हाताची. तो तिच्यात बसून जेवतो, ताट पुढच्या स्टुलावर. आमच्या घरात बाईनं नवऱ्यासमोर, सासऱ्यासमोर, मोठ्या दिरासमोर खुर्चीवर बसायचं नाही. नवऱ्याची चाहूल लागली की उठून उभं राहायचं. नातवंडं कॉलेजला गेली तरी कौशी उठायची. गुडघ्यावर हात टेकत, देवाचं नाव घेत, पण उठायची.

तीनेक वर्षांमागं तिला घास गिळेना झाला. घशात गोळा आल्यासारखं होतंय म्हणायची. पातळ वरण उतरायचं, भाकरी अडकायची. सगळ्यांच्या पंगतीत बसायची बंद झाली, स्वयंपाकघरात पाठमोरी बसून दूधभात कालवायची. अंगावरचं पोलकं सैल झालं. उदगीरला दाखवलं, लातूरला दाखवलं. घशात नळी घालून कॅमेऱ्यानं बघितलं, रक्त बघितलं, फोटो काढले. काही निघालं नाही. बापू म्हणाला, "नखरे हायत. म्हातारपणी नखरे." लातूरच्या डॉक्टरनं मात्र तिला नखरे म्हटलं नाही. तो म्हणाला, "मावशी, घसा चांगला आहे. पण त्रास खोटा नाही. तुम्ही बोलून उपचार करणाऱ्या माणसाकडं जा." त्यानं लातूरचंच एक नाव सांगितलं. कौशी बाहेर येऊन म्हणाली, "इथं न्हाई बाई. सगळं गोत लातुरात. त्या दारात कुणी बघितलं तर उद्या उदगीरभर, कौशीचं डोकं फिरलं म्हणून." मग नांदेडचं एक ठिकाण मिळालं. नांदेडला आमचं कुणी नाही, हाच त्या ठिकाणाचा पहिला गुण. बापूला सांगितलं, घशाला शेक द्यायला जातोय. यंत्रानं शेक देतात, आठवड्यातून एकदा. त्यानं पुढं काही विचारलं नाही. मुखेडवरून एसटीनं जायचो. माझं वय झाल्यानं मला तिकीट नाही, तिला अर्धं, एवढा सरकारचा उपकार.

लोक मला हळूच विचारतात, तिथं नेमकं करतात तरी काय? कुणाची सून रडत बसते, कुणाचा पोरगा बोलत नाही. विचारताना इकडंतिकडं बघतात. म्हणून बघितलं तसं सांगते. बाहेर पाटीवर 'एकात्मिक मानसोपचार' लिहिलं होतं. कौशीला वाचता येत नव्हतं, मी वाचून दाखवलं. "म्हंजे काय वं अक्का?" "मला काय ठावं? आत गेल्यावर कळंल." आत शॉक द्यायचं यंत्र नव्हतं, पांढरा कोट नव्हता. साधी खोली, चार खुर्च्या, एक सतरंजी, खिडकीत तुळस. मॅडम चाळिशीच्या आतली, सुती साडी नेसलेली. तिनं आधीच सांगितलं की ती डॉक्टर नाही, गोळ्या देत नाही, आणि लातूरच्या गोळ्या चालू असतील तर आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. कौशीनं तिला पहिला प्रश्न विचारला तो असा, "तुमचं आडनाव काय?"

मॅडमनं सांगितलं. कौशीला जे कळून घ्यायचं होतं ते कळलं. समोर पाण्याचा पेला ठेवला होता, त्याला तिनं हात लावला नाही. मी माझा प्यायले आणि मग तिचाही प्यायले. आमच्याकडं हे असंच चालतं आणि त्याची लाज कुणाला वाटत नाही. मॅडमच्या सगळं ध्यानात आलं असणार. तिच्या जन्मात हे काही पहिल्यांदा घडत नव्हतं. ती म्हणाली, "घरून बाटली आणली तरी चालेल. घसा कोरडा ठेवू नका." एवढंच. दुसऱ्या वेळेला कौशीनं खरंच बाटली आणली.

पहिल्या दिवशी मॅडमनं सगळं विचारलं. झोप, जेवण, माहेर, बाळंतपणं, मरावंसं वाटतं का. हे शेवटचं तिनं असं सरळ विचारलं, जणू भाजीला मीठ पुरतं का विचारतेय. कौशी म्हणाली, "मरावंसं न्हाई वाटत. पण जगायचं बी काय एवढं..." मॅडम म्हणाली, इथलं बोलणं खोलीबाहेर जाणार नाही, जिवाला धोका वाटला तर मात्र घरच्यांना सांगावं लागेल. आठवड्यातून एक तास. मधे काही दिवस जास्त त्रास होईल, तेव्हा घाबरून सोडू नका. आणि तिनं विचारलं, "तुम्हाला बरं झालं हे आपण कशावरून ओळखायचं?" कौशीनं खूप विचार केला. "सगळ्यांत बसून एक अख्खी भाकरी खाईन... तेव्हा." मॅडम म्हणाली, मग तेच ठरलं. पाटीवरचा शब्द मी विचारला तर म्हणाली, सगळ्यांना एका पद्धतीनं बरं वाटत नाही. कुणी बोलून मोकळं होतं, कुणाला आपले विचार तपासावे लागतात, कुणाचं दुखणं अंगात बसलेलं असतं, कुणाचं फार जुनं असतं. सगळ्यातलं थोडंथोडं ती शिकलीय, आता कौशीला काय लागू पडतं ते दोघींनी मिळून बघायचं. कौशी म्हणाली, "म्हंजे किराणा दुकान हाय म्हणा की. ज्याला जे लागंल ते." मॅडम मोठ्यानं हसली. तिथून कौशी जरा सैल झाली.

खरं तर खोलीत एकटीनंच बसायचं असतं. पण कौशी एकटी बसेना. मॅडमनं विचारलं, "अक्कांच्या देखत तुम्हाला सगळं बोलता येईल?" कौशी म्हणाली, "अक्कांपासून काय झाकायचं? त्यांनी माझी बाळंतपणं केलीत." मग मला कोपऱ्यात बसवलं, मधे बोलायचं नाही या अटीवर. ती अट मला लई जड गेली. दोनदा मी तोंड उघडलं आणि मॅडमनं नुसतं माझ्याकडं बघितलं. सासूनंतर मला असं कुणी गप्प केलं नव्हतं.

सुरुवातीला घशाचंच चाललं. गोळा कुठं वाटतो, केवढा वाटतो, हात ठेवून दाखवा. श्वास कसा सोडायचा, खांदे कसे सोडायचे. घास अडकला तर जीव जाईल असं तिला वाटायचं, म्हणून मॅडमनं तिला बोराएवढा भाकरीचा तुकडा तिथं खायला लावला आणि विचारलं, "आता काय होईल वाटतंय? ... आणि झालं काय?" झालं काहीच नव्हतं. घरी रोज एक तुकडा वाढवायचा. एवढ्यानंच तिचं निम्मं दुखणं उतरलं. मला वाटलं, झालं. पण तुकड्यांवरून घासांवर आली आणि तिथंच थांबली. मग मॅडमनं विचारलं, हे सुरू कधी झालं? नेमकं कोणत्या दिवशी?

कौशी म्हणाली आठवत नाही. मला आठवत होतं, पण मला बोलायची बंदी. मग तीच म्हणाली, "सूनबाईची आई आजारी पडली त्या सुमाराला." त्या दिवशी सूनबाई भाकरी करत होती. तिला फोन आला. तव्यावरची भाकरी तिनं तशीच सोडली, हात पदराला पुसले, आणि संतोषनं गाडी काढली. कुणाला विचारलं नाही, कुणी अडवलं नाही. आई जिवंत हाताला लागली तिच्या, पुढं वाचलीसुद्धा. "भाकर जळून गेली," कौशी म्हणाली. "मी ती काढली न्हाई. बघत राहिले." मॅडमनं विचारलं, "काय वाटलं बघताना?" कौशी म्हणाली, "राग आला तिचा." "सुनेचा?" "हाव. तिला जाता आलं."

कौशीची आई गेली तेव्हा संतोष मांडीवर होता. मी, माझे मालक आणि सासूबाई रेणुकेची ओटी भरायला माहूरला गेलो होतो. घरी कौशी आणि बापू. त्या दिवशी हैदराबादचे व्यापारी जेवायला यायचे होते. सकाळीच देगलूरकडून सायकलवर माणूस निरोप घेऊन आला, तो घरी न येता मोंढ्यात दुकानावर गेला. बापूनं निरोप ऐकून घेतला आणि म्हणाला, "तू जा, मी सांगतो." मग घरी येऊन म्हणाला, "पोळ्या जरा जास्त कर." तिनं केल्या. तिला आईचं सुतक लागलेलं, आणि तिच्या हातच्या पोळ्या व्यापाऱ्यांनी नावाजून खाल्ल्या. पाहुणे दिवेलागणीला गेले. मग ती उरलंसुरलं घेऊन जेवायला बसली, पहिला घास तोंडात, तेव्हा बापू दारात येऊन म्हणाला, "तुझी माय गेली. सकाळी माणूस आला होता. जेवून घे, गाडी सांगतो." तोंडातला घास बाईनं नवऱ्यासमोर थुंकायचा नसतो. तिनं गिळला. माहेरी पोचली तेव्हा राखेवर पाणी मारत होते. मी माहूरहून आल्यावर भांडेवालीनं मला हे सांगितलं. कौशीनं कधी चकार शब्द काढला नाही. आणि इतक्या वर्षांनी नांदेडच्या त्या खोलीत तो घास तिला सापडला.

पुढच्या खेपेला मॅडमनं एक रिकामी खुर्ची तिच्यासमोर ठेवली. म्हणाली, "बापू इथं बसलेत असं समजा. त्यांना जे म्हणायचं राहिलंय ते म्हणा." कौशी त्या खुर्चीकडं बघत बसली. मग उठली, डोक्यावरून पदर घेतला आणि खाली सतरंजीवर जाऊन बसली. मॅडमला कळेना. तिला वाटलं, चक्कर आली. कौशी दबक्या आवाजात म्हणाली, "ते बसलेत न्हवं? मग मी वर कशी बसू?" नवरा तिथं नव्हता, तीन तासांच्या अंतरावर उदगीरला होता, आणि ही रिकाम्या खुर्चीला मान देऊन जमिनीवर बसली. मला हसू आलं आणि संतापही आला. मॅडम हसली नाही. तीपण खाली येऊन कौशीच्या शेजारी बसली. म्हणाली, "इथून खुर्ची केवढी मोठी दिसते हो." कौशी म्हणाली, "मोठीच हाय. सागवानी हाय." त्या दिवशी एवढंच झालं. तिनं खुर्चीला एक शब्द म्हटला नाही, पण परतीच्या वाटेवर बसमध्ये मुखेडपर्यंत रडली. त्या दिवशी बाटली घरी विसरली होती. निघताना मॅडमच्या पेल्यातलं पाणी प्यायली, ते तिच्या ध्यानातही आलं नाही. माझ्या आलं.

त्यानंतर तिचं बिघडलं. पुन्हा दूधभात, पुन्हा रात्री जागं राहणं, सुनेवर खेकसणं. म्हणाली, "जात न्हाई आता. बरी झाकली मूठ उघडली त्या बाईनं." मॅडमनं आधीच सांगून ठेवलं होतं, असं होईल म्हणून. मी तिला तेवढीच आठवण करून दिली आणि म्हटलं, "कौशे, तुला जायचं नसंल तर नको जाऊ. पण मग दूधभात खाताना माझ्याकडं तोंड करून बसू नको, मला बघवत न्हाई." दोन आठवडे घरी बसली, मग आपणहून पिशवी घेऊन दारात उभी राहिली. हळूहळू त्या खुर्चीसमोर ती आधी उकिडवी बसायला लागली, मग पाटावर, आणि एक दिवस खुर्चीवर. खुर्चीवर बसून म्हणाली, "सकाळी का न्हाई सांगितलं?" एकच वाक्य. पुन्हा म्हणाली. पुन्हा, आवाज चढवून. मॅडम म्हणाली, हे तुम्हाला खऱ्या माणसाला विचारावंसं वाटतं का, ते तुमचं तुम्ही ठरवा. विचारलं तर पाहिजे ते उत्तर मिळेलच असं नाही, बहुतेक मिळणार नाही. तरी विचारण्यात तुमचं काही असेल तर बघा.

तिनं विचारलं. दुपारची वेळ. बापू त्याच्या खुर्चीत, पुढं ताट. कौशीनं आतून निळी प्लास्टिकची खुर्ची ओढत आणली, बरोबर त्याच्यासमोर ठेवली, आपलं ताट मांडीवर घेतलं आणि बसली. डोक्यावरचा पदर खांद्यावर. मी दाराशी लसूण सोलत होते. बापू म्हणाला, "हे काय?"

"जेवायलेय."

"इथं?"

"मग कुठं? माझं घर न्हाई का?" आणि मग ती म्हणाली, "माय गेली त्या दिवशी सकाळी माणूस आला होता. मला सांजच्याला का सांगितलं?"

बापूनं घास चावून संपवला. आठवायला त्याला वेळ लागला. मला वाटलं तो ओरडेल, किंवा म्हणेल, चुकलं. त्यातलं काही झालं नाही. अगदी साध्या आवाजात, हिशेब समजावून सांगावा तसा तो म्हणाला, "सकाळी सांगितलं असतं तर पोळ्या कुणी केल्या असत्या? हैदराबादची माणसं होती." आणि वाटी पुढं केली. "वरण वाढ."

कौशीनं वाटीकडं बघितलं. उठली नाही. म्हणाली, "पातेलं तिथं हाय." आणि भाकरी मोडून जेवायला लागली. अख्खी भाकरी खाल्ली. मग अर्धी आणखी घेतली. त्याच्याकडं बघत, सावकाश, एकेक घास. मी लसूण सोलायची थांबले होते. वरण मीच वाढलं शेवटी, नाहीतर तो तसाच वाटी धरून बसला असता.

मॅडमला सांगितलं तेव्हा तिनं पुन्हा खुर्ची ठेवली. त्या दिवशी कौशीनं खुर्चीला जे ऐकवलं त्यातलं निम्मं इथं छापता येणार नाही. शेवटी म्हणाली, "मी मेले की तुमाला बी सांजच्यालाच सांगतील. पोळ्या खाऊन झाल्यावर. मग कळंल." मॅडम म्हणाली, रागाला इथं जागा आहे, हवा तेवढा काढा. हे बोलायचं असतं ते मोकळं व्हायला, घरी जाऊन करायचं म्हणून नाही. कौशीनं मान हलवली. बसमध्ये बसल्यावर खिडकीतून बघत ती म्हणाली, "मॅडम काय बी म्हणू द्या. तुम्ही ध्यानात ठेवा अक्का."

"काय?"

"ते सांजच्याचं."

मी म्हटलं, "मी तुझ्याहून मोठी. आधी मी मरणार." ती म्हणाली, "तुमाला कोण न्हेतंय?" आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की पुढच्या सीटवरचा बाबा मागं वळून बघायला लागला.

त्यानंतर थोड्याच खेपांत तिथलं जाणं संपलं. तेही असं अचानक नाही, मॅडमनं आधी सांगितलं, आता पुरे होईल का, बंद झाल्यावर कसं वाटेल, यावरही बोलून घेतलं. शेवटच्या दिवशी कौशीनं तिच्यासाठी पोळ्या नेल्या. दोघींनी एका डब्यातून खाल्ल्या. पुढं कौशी रोज निळ्या खुर्चीवर बसून बापूसमोर जेवायची. फार काही बोलायची नाही. त्याला ते आवडत नव्हतं, म्हणून ती आणखी सावकाश जेवायची. अंग भरलं तिचं. सुनेवर खेकसणं काही सुटलं नाही. उपचारानं घसा मोकळा होतो, स्वभाव तोच राहतो. शेवटची कळ आली तीही त्याच खुर्चीत, ताट रिकामं करून.

तर त्या दिवशी मी पुरण वाटलं. माझी पोळी कौशीसारखी होत नाही, कडेला फाटते. दुपारी बापूला ताट दिलं आणि निळ्या खुर्चीवर मी बसले. तो म्हणाला, "पोळ्या? आज कशाच्या?"

"करावंसं वाटलं."

"लातूरचा फोन आला का?"

"खा आधी."

त्यानं खाल्लं. शुगर आहे म्हणून एरवी मी एकीवर थांबवते, त्या दिवशी थांबवलं नाही. तिसरी मागितली, दिली. तूप मागितलं, वाढलं. म्हणाला, "कौशीच्या हाताची चव न्हाई." मी म्हटलं, "न्हाई." मग तो हात धुऊन झोपला. चांगला घोरत होता. मी भांडी घासली आणि त्याच्या उठायची वाट बघत बसले. रडले का असं पोरांनी मागून विचारलं. नाही रडले. मला काम होतं.

ऊन भिंतीवरून उतरलं, तो उठून खुर्चीत येऊन बसला. मी उभी राहून सांगितलं, "बापू, कौशी गेली."

तो म्हणाला, "कधी?"

"सकाळी. संतोषचा फोन आला होता."

त्याचे हात खुर्चीच्या हातांवर होते, ते तिथंच घट्ट झाले. मग म्हणाला, "वैनी... सकाळी का न्हाई सांगितलं?"

उत्तर त्याचं त्याच्याकडंच होतं, बारा-चौदा महिन्यांमागं त्यानंच दिलेलं. ते त्याला सापडायला किती वेळ लागतो ते मी बघत उभी राहिले. सापडलं. तोंडावरून कळलं मला. त्यानं पोटावर हात ठेवला आणि मोरीकडं जायला उठला, पण गुडघ्यांनी साथ दिली नाही. सगळं तिथंच स्टुलावर उलटून पडलं. ते मीच पुसलं. अंधार पडता पडता तिला घेऊन गाडी आली. त्याला तिचं तोंड बघायला मिळालं. कौशीला तिच्या आईचं मिळालं नव्हतं. तेवढा फरक मी ठेवला.

दहाव्याला कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, पुण्यवान बाई, काही इच्छा राहिली नव्हती. मी म्हटलं, नव्हतीच. पोळ्यांचं पोरांना कळलं तेव्हा संतोष माझ्याशी काही दिवस बोलला नाही. सूनबाई बोलली. तिनं फक्त विचारलं, "किती खाल्ल्या त्यांनी?" नांदेडला मॅडमला मीच फोन केला आणि सगळं सांगितलं. ती चांगलं केलं म्हणाली नाही, वाईटही म्हणाली नाही. मग विचारलं, "तुम्ही जेवलात का त्या दिवशी?" मी म्हटलं, "दोन पोळ्या." ती म्हणाली, "गिळल्या गेल्या?" मी म्हटलं, "हाव." ती म्हणाली, कधी वाटलं तर या, एकट्या आलात तरी चालेल. माझ्या घशात काही अडकलेलं नाही असं मी तिला सांगितलं. अजून तरी नाही.

निळी खुर्ची बापूसमोर तशीच आहे. संतोष ती गच्चीवर नेऊन ठेवणार होता, मी ठेवू दिली नाही. बापू तिच्याकडं न बघता जेवतो. परवा दुपारी मी दाराशी शेंगा फोडत बसले होते, घरात आणखी कुणी नव्हतं. त्याला ठसका लागला. खोकता खोकता त्यानं त्या खुर्चीकडं बघून हात पुढं केला आणि म्हणाला, "पाणी दे." मी ऐकलं. ठसका साधा होता, जिवावरचा नव्हता, ते मला बसल्या जागी कळत होतं. तो हात तसाच धरून थांबला. मग हात खाली घेतला, खुर्चीला धरत उठला, एकेक पाऊल टाकत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला आणि तिथं उभा राहिला. या घरात जन्मलेला माणूस.

"वैनी," तो म्हणाला, "पेले कुठं असतात?"

मी शेंगा फोडता फोडता हातानं दाखवलं.